पायऱ्या, सावली आणि आपला विहार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही पंडित नाही. आमची अर्धी हयात जिनिंगमध्ये गेली. रुई वेगळी, सरकी वेगळी करायची, हा आमचा धंदा. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण रद्दीच्या दुकानात, वाचनालयात आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांवर झाले. तेव्हा आजच्या विषयातही आम्ही तेच काम करणार आहोत. रुई कोणती आणि सरकी कोणती, एवढे निवडून तुमच्यापुढे ठेवणार आहोत.

विषय आहे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या प्राचीन मंदिरांचा. हा विषय उगाच निघालेला नाही. विहाराच्या दुरुस्तीची चर्चा चालू असताना कमिटीपुढे एक सूचना आली की छतावर पिरॅमिड बसवा, त्याच्या खाली ध्यानाला बसले की विश्वाची ऊर्जा मिळते. एस्टिमेटही आले. आकडा ऐकून आमचीच ऊर्जा गेली! पण नुसते हसून भागत नाही. जुन्या लोकांनी एवढाले दगड का रचले, हे समजून घेतले पाहिजे.

"पायरी" या शब्दाशी आपली ओळख जुनी आहे. "आपली पायरी ओळखून राहा" हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी जितके ऐकले तितके कोणी ऐकले नसेल. आमचा आजा सांगायचा, गावच्या देवळाच्या शेवटच्या पायरीपासून चार हात लांब उभे राहायचे, नारळ जमिनीवर ठेवायचा आणि मागे सरायचे. प्रसाद वरून पडायचा. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे. नामदेव म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे. त्याच पायरीच्या समोर, मंदिराच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी आत जाता आले नाही आणि मेल्यावरही जागा बाहेरच. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून सत्याग्रह झाला. पंढरपूरचे दार १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. म्हणून कोणी पायऱ्यांचे अध्यात्म सांगू लागला की आम्ही आधी विचारतो, चढायची परवानगी कोणाला होती बाबा?

हे विचारून झाले, आता पुढे जाऊ. इराकमध्ये ऊर नावाच्या जुन्या शहरात चार हजार वर्षांपूर्वीचा विटांचा टप्प्याटप्प्यांचा मनोरा आहे, चंद्रदेव नन्नाचा. मेक्सिकोत चिचेन इत्सा येथे माया लोकांचा पिरॅमिड आहे. त्याला चार बाजूंना जिने, प्रत्येकी ९१ पायऱ्या, आणि वरचा चौथरा धरून ३६५. म्हणजे वर्षाचे दिवस. दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, मार्च आणि सप्टेंबरात, दुपार कलताना उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उन्हा-सावलीचे त्रिकोण पडतात, आणि खाली सापाचे दगडी तोंड असल्याने साप उतरतो आहे असे दिसते. हे पाहायला हजारो लोक जमतात. मात्र आकडे जुळवायचा नाद वाईट. आमच्या जिनिंगच्या काट्याघराला सात पायऱ्या आहेत, म्हणून काय तिथे सप्तर्षी राहायला आले?

आपल्याला जवळचे उदाहरण जावा बेटावरचे आहे, बोरोबुदूर. आम्ही ते फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिले आहे, पण तासन्‌तास पाहिले आहे. आठव्या-नवव्या शतकात शैलेंद्र राजांच्या काळात ते उभे राहिले. खाली सहा चौकोनी टप्पे, त्यावर तीन गोल, आणि माथ्यावर एक मोठा स्तूप. चुन्याचा वापर नाही, दगडात दगड गुंतवलेला. गोल टप्प्यांवर ३२, २४ आणि १६ असे ७२ जाळीदार स्तूप आहेत आणि प्रत्येकात एकेक बुद्धमूर्ती. सगळ्या मिळून मूर्ती मूळच्या ५०४. चौकोनी टप्प्यांच्या भिंतींवर शिल्पेच शिल्पे, त्यांत तथागतांचे चरित्रही आहे. अभ्यासक याचा अर्थ असा लावतात की खालचा थर वासनेचा, मधला रूपाचा आणि वरचा अरूपाचा. वर जावे तशी चित्रे संपतात, भिंती संपतात आणि माणूस मोकळ्या आकाशाखाली येतो. यात ऊर्जा-बिर्जा काही नाही. एकेक टप्पा फेरी मारून, बघत बघत, स्वतःच्या पायांनी चढायचा आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार विचारात पाडते. या इमारतीचा मूळ पाया झाकलेला आहे. १८८५ मध्ये तो सापडला. त्यावर १६० शिल्पे आहेत, कर्म आणि त्याचे फळ दाखवणारी. भांडण, चुगली, हिंसा, दानधर्म, रोजची माणसे, रोजचे धंदे. बाहेरून दगडांचा मोठा थर देऊन हे सगळे बुजवले होते. इमारत खचू नये म्हणून तसे केले असे काही म्हणतात, काही दुसरी कारणे देतात. आम्हाला एवढेच वाटते की कष्टकरी माणसाचे चित्र पायात होते आणि वरचे सगळे वजन त्याच्यावर होते.

आता आकाशाकडे येऊ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीचे ऊन ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जाते. लोक चमत्कार म्हणतात. तुम्ही कॅलेंडर घेऊन बसा. २२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेला सर्वांत लांब असतो. तिथून मागे १० नोव्हेंबर आणि पुढे १ फेब्रुवारी मोजा. दोन्हीकडे एकेचाळीस-बेचाळीस दिवस. सूर्य जाताना ज्या जागी मावळतो, येताना त्याच जागी मावळतो. चमत्कार नाही, पण ज्या गवंड्याने हे पाहून दार धरले त्याच्या डोळ्यांना आमचा जयभीम आहे. त्याचे नाव कुठल्याही शिलालेखात नाही.

दिशा धरायची त्यांची रीत साधी होती. आम्ही अभ्यासिकेच्या पोरांना घेऊन ती या अंगणात करून पाहिली. ओळंब्याने काठी सरळ रोवायची, दोरीने भोवती गोल काढायचा. सकाळी सावली आखडत येते. तिचे टोक गोलाला टेकले की खूण करायची. दुपारनंतर सावली लांबत जाते. पुन्हा टेकली की दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. आपली बुद्धमूर्ती पूर्वेकडे तोंड करून आहे असे आपण वर्षानुवर्षे सांगतो. रेषा काढल्यावर कळले की ती रस्त्याकडे तोंड करून आहे! काहींना वाईट वाटले. आम्ही म्हटले, येणारा-जाणारा दिसतो, वाईट काय आहे? हिंगोलीला मेच्या १८-१९ तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही येते, पण तेव्हा आभाळ असते. पोरांना मे महिन्यात हे दाखवायचेच आहे.

औंढ्याचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. नागनाथाचे देऊळ यादवकाळातले, वरचा भाग नंतरचा. भिंती बघा, सरळ नाहीत. कोन आत-बाहेर करत जातात. गाभारा मात्र खाली आहे. तिथे पायऱ्या वर नेत नाहीत, खाली नेतात. वाकल्याशिवाय कोणालाच जाता येत नाही, मोठ्यालाही नाही. तिथली आख्यायिका सर्वांना माहीत आहे. नामदेव कीर्तन करत होते, त्यांना मागे जायला सांगितले, आणि देऊळच फिरले. दगडाचे देऊळ फिरत नाही हे आपण जाणतो. पण एका शिंप्याच्या पोराला मागे हाकलले होते, हे ती गोष्ट लपवीत नाही.

आपली काही तरुण मुले म्हणतात की जुने देऊळ दिसले की ते मूळचे आपलेच. मुलांनो, रागावू नका. तेरला त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल, चैत्यगृहाची असते तशी, म्हणून अनेक अभ्यासक ते मूळचे बौद्ध चैत्य मानतात. तिथे पुरावा इमारतीच्या अंगात आहे. असा पुरावा असेल तिथे छातीठोक बोला. नसेल तिथे गप्प बसा. सरकी मिसळलेल्या गठाणीला भाव येत नाही, हे आम्ही तीस वर्षे बघतो आहोत.

शेवटी कमिटीपुढे आमचे म्हणणे. पिरॅमिड नको. आपल्या विहाराला दारात तीन पायऱ्या आहेत. ज्या म्हाताऱ्या मायांनी डोक्यावर विटा वाहून हा विहार उभा केला, त्यांतल्या चौघी-पाचजणी गुडघ्यामुळे बाहेर चटईवर बसून वंदना घेतात. आजही बाहेरच बसल्या आहेत, मागे वळून बघा. मापे आम्ही घेतली आहेत. पायऱ्यांची उंची दीड फूट, फुटाला बारा फूट धरले तर अठरा फुटांचा उतार लागेल. रस्त्याच्या बाजूला तेवढी जागा आहे, आणि गवंडी आपल्यातलाच आहे. ठराव आजच्या सभेत घ्यावा.

नमो बुद्धाय, जयभीम!