टर्की खुडूक बसली म्हणजे



कोंबडी खुडूक बसली तर काय करावं हे खेड्यातल्या कुठल्याही आजीबाईंना विचारा, त्या चटकन सांगतील. पण काही घरी आता कोंबड्यांच्या जोडीला टर्की पाळतात, आणि टर्की खुडूक बसली म्हणजे घरची मंडळी विचारात पडतात. तिला बसू द्यावं की उठवावं? अंडी किती ठेवावी? पिल्लं निघाली तर ती जगवायची कशी? आज त्याविषयीच बोलू.

हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोकडच्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकात तो युरोपात गेला. पण आपल्याकडेही तो अगदी कालचा पाहुणा नाही बरं का! १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाचे पशुपक्षी नेले, त्यांत एक टर्की नर होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं वर्णन लिहिलं आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. गुरुजींनी हे मुलांना जरूर सांगावं.

आता मुद्द्यावर येऊ. मादी खुडूक बसते ती हट्टाने नव्हे. दिवस मोठा झाला, अंडी साठली, म्हणजे तिच्या शरीरात एक द्रव्य वाढतं. त्याने अंडी देणं थांबतं, अंग फुलतं, आणि ती घरट्यावरून हलत नाही. हात लावला तर फिस्कारते. टर्कीची मादी या बाबतीत कोंबडीपेक्षा चिवट असते. घरट्यात एकही अंडं नसलं तरी ती बसून राहते. अशी रिकामी बसलेली मादी म्हणजे दुहेरी नुकसान. अंडी बंद, पिल्लंही नाहीत, आणि दाणा मात्र चालूच. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच निर्णय घ्यावा.

बसवायची असेल तर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, कळपात नर आहे ना? नसेल तर अंडी फळलेली नाहीत. ती महिनाभर उबवली तरी पिल्लू निघणार नाही. दुसरी, अंडी ताजी आहेत ना? आठवड्याच्या आतली उत्तम. ती थंड जागी, टोकदार बाजू खाली करून ठेवावी आणि रोज जरा फिरवावी. तडकलेली, वेडीवाकडी, घाण माखलेली अंडी बाजूला काढावी. धुऊन ठेवू नयेत. तिसरी गोष्ट हवेची. पिल्लांचे पहिले दिवस ऐन पावसाच्या ओलीत येणार असतील तर थांबलेलं बरं.

या तिन्हींतली एक जरी उणी असली तर मादीला उठवावी. काही ठिकाणी खुडूक पाखराला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात. हे क्रूर आहे आणि त्याची गरजही नाही. खाली जाळी किंवा बांबूच्या पट्ट्या असलेला पिंजरा जमिनीपासून हातभर उंच ठेवावा, तोही उजेडात पण सावलीला. त्यात तिला तीन-चार दिवस ठेवावं. खाली गवत घालू नये. दाणापाणी मात्र भरपूर द्यावं. पोटाला खालून वारा लागला म्हणजे ऊब मोडते. मग ती उठते आणि पुढे काही दिवसांनी पुन्हा अंड्यावर येते.

बसवायचीच ठरली तर एकांताची, अंधारी, कोरडी जागा निवडावी. जमिनीतच उथळ खळगा करून त्यात मऊ वाळलं गवत घालावं. दोन माद्या एका घरट्यात बसू देऊ नयेत. रेटारेटीत अंडी फुटतात. नरालाही दूर ठेवावं. मादीला नव्या जागी न्यायचं ते रात्री. पहिले दोन दिवस खोटी अंडी ठेवून ती नीट बसते का पाहावं, मग खरी अंडी सगळी एकाच दिवशी ठेवावी. थोडी आज, थोडी उद्या असं केलं तर पहिली पिल्लं निघताच आई उठते आणि मागची अंडी गारठून जातात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे मागाहून कुणी घातलेलं अंडं ओळखून काढता येतं.

टर्कीखाली तिची दहा ते पंधरा अंडी मावतात. गावठी कोंबडीखाली टर्कीची अंडी ठेवायची तर पाच-सहाच ठेवावी, कारण टर्कीचं अंडं सुमारे ८५ ग्रॅमचं, म्हणजे गावठी अंड्याच्या जवळजवळ दुप्पट. लहान कोंबडीला ते उलटवायला जड जातं. अशा वेळी अंड्याच्या एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढून दिवसातून दोनदा आपण हाताने उलटवावं. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, टर्कीचं २८ दिवसांत. हा आठवडा ध्यानात ठेवा. बाविसाव्या दिवशी कंटाळून अंडी फेकू नका.

टर्की इतकी तल्लीन होऊन बसते की खायलाही उठत नाही आणि खंगत जाते. म्हणून रोज ठरल्या वेळी तिला हळूच उचलून बाहेर ठेवावी. पंखांखाली अंडं अडकलं नाही ना, ते आधी पाहावं. दाणा खाणं, पाणी पिणं, विष्ठा टाकणं, राखेत लोळणं, एवढं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं.

आठव्या ते दहाव्या दिवशी रात्री अंडी तपासावी. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून मागे बॅटरी धरावी आणि अंडं भोकावर टेकवावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. अंडं नितळ दिसलं तर ते फळलेलं नाही. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर जीव धरून मेला. अशी अंडी काढून टाकावी. गुरुजी, जीवशास्त्राचा याहून सोपा पाठ नाही.

शेवटचे तीन दिवस घरट्याला हात लावू नये. हवा फार कोरडी असेल तर भोवतालच्या जमिनीवर पाणी शिंपडावं. पिल्लू चोच मारून थांबलं तरी कवच सोलू नये. ते उरलेलं रक्त आणि बलक पोटात ओढून घेत असतं. घाईने सोललं तर रक्त जातं आणि पिल्लू मरतं.

आता खरी कसोटी. टर्कीची पिल्लं दाण्यापुढे उभी राहूनही उपाशी मरतात, कारण चोच कुठे मारायची हेच त्यांना उमगत नाही. पहिले दिवस दाण्यावर बोटाने टकटक करावं, हिरवा पाला बारीक चिरून वर पसरावा, उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं. पाण्याची चोच स्वतः लावून द्यावी. पाण्याचं भांडं उथळ असावं आणि त्यात खडे टाकावे, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

शेंगदाण्याची पेंड चांगली, पण बुरशी धरलेली कधीही घालू नका. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता कारण निघालं ते पेंडीवरच्या बुरशीचं विष. आपल्या पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरायला किती वेळ लागतो, ते तुम्हीच जाणता.

आणखी एक धोका घरातच असतो. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांमार्फत एक सूक्ष्म जीव टर्कीला लागतो. कोंबडी वरवर ठणठणीत दिसते, पण टर्कीची पिल्लं मलूल होतात, गंधकासारखी पिवळी हगवण लागते आणि यकृत नासतं. तेव्हा कोंबड्यांच्या अंगणात टर्कीची पिल्लं सोडू नयेत. कोंबडीखाली उबवली असतील तर ती निघताच वेगळी करून दिव्याच्या उबेला वाढवावी. पहिल्या आठवड्यात तिथे ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते, दूर पळाली तर उकडतं, इतकं साधं माप. मानमोडीची लस कधी टोचायची, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवावं.

भगिनींनो, बहुतेक घरी पाखरांचे पैसे तुमच्या हाती येतात आणि त्यातून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. बारा अंडी उबवायला ठेवली म्हणजे बारा अंड्यांचा पैसा आपण अठ्ठावीस दिवस गुंतवला. तेव्हा बसवलेल्या तारखेपुढे अठ्ठावीस दिवस मोजून तो दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणेने मांडून ठेवा, आणि पिल्लांची वेगळी जागा त्याच्या आधीच तयार करा.