एका फेरीचा हिशेब



आपल्याकडे जत्रेत बैलगाड्यांची शर्यत लागते तेव्हा निकालाला वेळ लागत नाही. गाड्या सुटल्या, धुरळा उडाला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गुलाल कुणाच्या अंगावर पडायचा ते ठरून जातं. आज मी तुम्हांला ज्या शर्यतीची हकिकत सांगणार आहे, तिचा निकाल लागायला नऊ महिने लागले. एकोणतीस वेळा गाड्या धावल्या, आणि तरीही निकाल लागला तो एका फेरीवर, तोही बेरीज-वजाबाकी करून. ही हकिकत अमेरिकेतल्या मोटारगाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेची आहे आणि साल आहे १९९२.

या शर्यतींना तिकडे ‘स्टॉक कार’ शर्यती म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानातला माल. तुम्ही-आम्ही दुकानात जाऊन जी गाडी विकत घ्यावी, तीच शर्यतीत पळवायची, अशी मूळची कल्पना. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू पोहोचवणारे लोक आपल्या साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं आतून जोरकस करून ठेवीत, म्हणजे पोलिसांच्या हाती लागायला नको. पुढे याच मंडळींपैकी काहीजण मैदानात शर्यती खेळू लागले. या साऱ्या खेळाला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने १९४८ साली एक संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून तिला ‘नासकार’ म्हणतात. १९४९ साली नव्याकोऱ्या बाजारी गाड्यांची पहिली शर्यत झाली. तिच्यात पहिला आलेला गडी बाद ठरला, कारण तपासणीत त्याच्या गाडीच्या स्प्रिंगा दारूवाल्यांच्या पद्धतीने बदललेल्या आढळल्या! १९९२ सालापर्यंत मात्र चित्र पालटलं होतं. वरून गाडी दुकानातल्यासारखी, पण आत पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि खास शर्यतीसाठी बांधलेलं इंजिन. अशी गाडी उभी करायची म्हणजे पैशाचं काम. त्यामुळे मोठमोठे मालक, त्यांचे कारखाने, त्यांच्याकडे पगारावर गाडी हाकणारे चालक आणि पाठीशी जाहिरातदार कंपन्या, अशी व्यवस्था रूढ झाली होती.

आता या स्पर्धेचा हिशेब नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. प्रत्येक शर्यतीला गुण असत. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५. असे सहाव्यापर्यंत पाच-पाच कमी होत, मग काही क्रमांकांपर्यंत चार-चार आणि पुढे तीन-तीन. अगदी चाळिसाव्या आलेल्यालाही ४३ गुण मिळत. शिवाय, शर्यतीत एखादी फेरी जरी सर्वांच्या पुढे राहून पुरी केली तर ५ गुण जास्त. आणि सर्वांत अधिक फेऱ्या पुढे राहिलेल्याला आणखी ५. वर्षभराची बेरीज ज्याची मोठी तो राष्ट्रीय विजेता. म्हणजे पहा, पहिला आणि दुसरा यांच्यात फक्त पाच गुणांचं अंतर; पण गाडी मध्येच मोडून पस्तिसाव्या नंबरावर गेलात, तर शंभराहून अधिक गुण बुडाले. एखाद्या दिवशी बाजी मारण्यापेक्षा रोज शेवटपर्यंत धावत राहणं इथे मोलाचं होतं.

त्या साली तीन चालक पुढे होते. पहिला डेव्ही ॲलिसन. बाप शर्यतीतला नामांकित, आणि हाताशी मोठी यंत्रणा. फेब्रुवारीत डेटोना इथली वर्षातली पहिली आणि सर्वांत मानाची शर्यत त्यानेच जिंकली. दुसरा बिल इलियट. त्याने त्यानंतरच्या लागोपाठ चार शर्यती जिंकल्या. त्याचा मालक होता ज्युनियर जॉन्सन. तरुणपणी दारूच्या धंद्यापायी तुरुंग पाहिलेला, पुढे नामांकित चालक झालेला आणि नंतर बडा मालक झालेला हा वाघ.

तिसरा ॲलन कुल्विकी, आणि त्याचीच गोष्ट मुख्यतः सांगायची आहे. हा गडी दक्षिणेतला नव्हे. उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातला, पोलंडमधून आलेल्या लोकांच्या वंशातला. वडील शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधीत. मुलगा विद्यापीठात गेला आणि १९७७ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. शर्यतीच्या त्या जगात पदवीधर माणूस म्हणजे दुर्मीळ चीज. काही वर्षं आपल्या मुलखात शर्यती खेळून त्याने ठरवलं, की आता मोठ्या मैदानात उतरायचं. घरदार मोडून तो दक्षिणेत शार्लट शहराकडे निघाला. निघण्याच्या दोन दिवस आधी त्याचा ट्रक पेटला आणि जळून गेला. दुसऱ्याचा ट्रक मागून घेऊन तो निघालाच. १९८६ सालच्या पहिल्या मोसमात त्याच्याजवळ एक गाडी होती आणि दोन इंजिनं. मालक तोच, चालक तोच, यंत्रज्ञही तोच. तरी त्या वर्षीचा उत्तम नवोदित म्हणून त्याची निवड झाली.

स्वभावाने माणूस हट्टी. काम बारीकसारीक बाबतींतही स्वतःच्या मनासारखं झालं पाहिजे. त्यामुळे त्याच्या हाताखाली टिकणं सोपं नसे. पुढे ज्युनियर जॉन्सनने त्याला आपली गाडी चालवायला बोलावलं. त्याने नकार दिला. पुन्हा बोलावलं, या खेपेला दहा लाख डॉलर देऊ केले. त्याने पुन्हा नकार दिला. दुसऱ्याची गाडी हाकून मोठं होण्यापेक्षा स्वतःची गाडी हाकावी, असं त्याचं म्हणणं. याची किंमतही त्याला मोजावी लागली. ज्या कॉफीच्या कंपनीशी त्याची बोलणी चालू होती, तिची जाहिरात जॉन्सनकडे गेली. १९९१ साली काही शर्यतींत त्याची गाडी मोठ्या जाहिरातदारावाचूनच धावली. अखेर ‘हूटर्स’ नावाच्या खाणावळवाल्या कंपनीने त्याला हात दिला.

१९९२ च्या मोसमात कुल्विकीने एप्रिलमध्ये ब्रिस्टॉलची आणि जूनमध्ये पोकोनोची, अशा दोनच शर्यती जिंकल्या. ॲलिसन आणि इलियट यांनी वर्षअखेर प्रत्येकी पाच जिंकल्या होत्या. पण ॲलिसनचं ते वर्ष काय वर्णावं! एप्रिलमध्ये बरगड्यांना मार; मेमध्ये एका खास शर्यतीची अंतिम रेषा पहिला ओलांडतो न ओलांडतो तोच अपघात; जुलैत पोकोनोला गाडीने कोलांट्यांवर कोलांट्या घेतल्या आणि हात मोडला. पुढच्याच आठवड्यात हा पठ्ठ्या मोडका हात गिअरच्या दांड्याशी अडकवून गाडीत बसला. नियमाप्रमाणे गुण सुरुवात करणाऱ्याला मिळतात, म्हणून सुरुवात तरी त्याने केली आणि मग गाडी दुसऱ्याच्या हाती दिली. ऑगस्टमध्ये त्याचा धाकटा भाऊ क्लिफर्ड सराव करताना ठार झाला. तरी ॲलिसन खेळत राहिला.

सप्टेंबरात डोव्हरच्या शर्यतीत कुल्विकीची गाडी आपटली. सहा शर्यती उरल्या होत्या आणि पुढे असलेल्या इलियटपेक्षा तो २७८ गुणांनी मागे पडला होता. आता विजेतेपद गेलंच, असं तो स्वतःच बोलून गेला. पण त्यानंतर इलियटच्या गाडीला बिघाडांनी ग्रासलं. एका शर्यतीत हे मोडलं, दुसरीत ते तापलं. ॲलिसनने फिनिक्सची शर्यत जिंकून पहिलं स्थान पटकावलं. कुल्विकी मात्र गुणाला गुण जोडीत वर सरकत राहिला.

१५ नोव्हेंबर १९९२. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाजवळच्या मैदानावर शेवटची शर्यत. फेऱ्या ३२८, अंतर सुमारे आठशे किलोमीटर. ॲलिसनचे गुण ३९२८, कुल्विकीचे ३८९८, इलियटचे ३८८८. आणखी तिघांनाही कागदोपत्री संधी होती, पण ती दूरची. योगायोग असा, की सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला आणि दोनशे शर्यती जिंकलेला रिचर्ड पेटी त्या दिवशी शेवटचा धावत होता. आणि एकवीस वर्षांचा जेफ गॉर्डन, जो पुढे चार वेळा विजेता झाला, तो या स्पर्धेत त्याच दिवशी पहिल्यांदा धावत होता.

कुल्विकीची गाडी फोर्ड कंपनीची ‘थंडरबर्ड’. तिच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं त्याने त्या दिवसापुरती काढून टाकली, उरलं ‘अंडरबर्ड’. इंग्रजीत दुबळ्या बाजूच्या गड्याला ज्या शब्दाने ओळखतात, त्यावरची ही कोटी. लोक आपल्याला दुबळा समजतात ना, मग ते गाडीवरच लिहून टाकू!

शर्यत सुरू झाली. पेट्रोल आणि टायरसाठी पहिल्यांदा थांबला, तेव्हाच कुल्विकीच्या गाडीचा पहिला गिअर मोडला. थांबलेली गाडी पहिल्या गिअरवाचून हलवायची कशी, ते गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. प्रत्येक थांब्यानंतर त्याच्या माणसांनी गाडी ढकलायची आणि त्याने वरच्या गिअरमध्ये ती उचलायची. पेटीची गाडी अपघातात सापडून पेटली. तो सुखरूप बाहेर आला. पुढे, सुमारे अडीचशे फेऱ्या झाल्या असताना, ॲलिसनच्या समोर दुसरी एक गाडी गरकन फिरली आणि तिच्यावर त्याची गाडी आदळली. पहिल्या पाचांत येता तर बाकीच्यांनी काहीही केलं तरी विजेतेपद त्याचंच होतं. ते तिथे संपलं.

आता उरले कुल्विकी आणि इलियट. दोघेही आळीपाळीने सर्वांच्या पुढे. इथे कुल्विकीचा मुख्य मिस्त्री पॉल अँड्र्यूज आणि त्याचे सोबती पेन्सिल-कागद घेऊन बसले होते. इलियट पहिला आला आणि आपण दुसरे, तर काय होईल? सर्वांत अधिक फेऱ्या कोण पुढे राहिला, यावर सगळं ठरेल. टाकीतलं पेट्रोल संपत आलं, तरी कुल्विकीने गाडी आत घेतली नाही. १०३ फेऱ्या पदरात पडल्यावर, ३१० व्या फेरीच्या सुमारास तो पेट्रोलसाठी आत आला. आता उरलेल्या साऱ्या फेऱ्या इलियटने पुढे राहून काढल्या तरी तो हा आकडा गाठू शकत नव्हता. तिथून पुढे कुल्विकी पेट्रोल जपून, दुसरा क्रमांक राखून धावला.

इलियटने शर्यत जिंकली. तो पुढे राहिला १०२ फेऱ्या. कुल्विकी १०३.

शिक्षकबंधूंनी हा हिशेब उद्या फळ्यावर मांडून पाहावा. इलियटला विजयाचे १७५ आणि पुढे राहण्याचे ५, एकूण १८०. कुल्विकीला दुसऱ्या क्रमांकाचे १७०, पुढे राहण्याचे ५ आणि अधिक फेऱ्यांचे ५, एकूण १८०. दोघांना सारखेच! म्हणून आधीचं दहा गुणांचं अंतर तसंच राहिलं: कुल्विकी ४०७८, इलियट ४०६८. आता त्यातली एक फेरी, फक्त एक, कुल्विकीकडून काढून इलियटला द्या. अधिक फेऱ्यांचे पाच गुण तिकडे जातात आणि दोघेही ४०७३ वर येतात. बरोबरी झाली की ज्याच्या वर्षातल्या विजयांची संख्या मोठी तो विजेता, असा नियम. इलियटचे पाच, कुल्विकीचे दोन. म्हणजे विजेता इलियट.

‘सर, एका मार्काने काय होतंय?’ असं विद्यार्थी मला दरसाल विचारतात. त्यांना मी आता हीच बेरीज करायला सांगतो.

आणि ज्याची नोकरी कुल्विकीने दोनदा नाकारली, त्याच जॉन्सनची गाडी दुसरी आली, हेही ध्यानात ठेवा.

शर्यत संपल्यावर कुल्विकीने मैदानाला उलटी फेरी घातली. त्याची ही जुनी रीत. १९८८ साली फिनिक्सला पहिला विजय मिळाला तेव्हा त्याने ती सुरू केली होती. अमेरिकेत पोलिश लोकांच्या बावळटपणावर विनोद करण्याची खोड आहे. म्हणून यानेच आपल्या उलट्या फेरीला ‘पोलिश विजयफेरी’ म्हटलं. पण त्यात खुबी होती. तिकडे चालक गाडीत डावीकडे बसतो आणि शर्यतीत गाड्या डावीकडेच वळत जातात, तेव्हा त्याची बाजू प्रेक्षकांकडे येत नाही. उलटी फेरी घातली की तो लोकांना दिसतो, त्याला लोक दिसतात.

हे वैभव त्याला फार दिवस लाभलं नाही. १ एप्रिल १९९३ रोजी, ब्रिस्टॉलच्या शर्यतीला जाताना, टेनेसी राज्यात त्याचं छोटं विमान कोसळलं. तो आणि बरोबरचे तिघे गेले. वय अडतीस. विजेतेपदाला पाच महिनेही झाले नव्हते. तीन दिवसांनी ब्रिस्टॉलची शर्यत रस्टी वॉलेसने जिंकली आणि त्याने आपली गाडी मैदानाभोवती उलटी फिरवली. त्याच जुलैत डेव्ही ॲलिसनही हेलिकॉप्टरच्या अपघातात मरण पावला. पुढे पैसा वाढत गेला, यंत्रणा वाढत गेल्या. स्वतःच्या मालकीच्या गाडीत बसून विजेता ठरलेला यानंतरचा चालक भेटतो तो थेट २०११ साली, टोनी स्टुअर्ट. आणि तोही एका मोठ्या संघाचा भागीदार होता.

कुल्विकीने नोकरी धरली असती तर कदाचित आणखी शर्यती जिंकल्या असत्या, पैसा तर नक्कीच मिळाला असता. त्याचा नकार शहाणपणाचा होता की वेडेपणाचा, हे मी कसं सांगू? पुन्हा वाटेत ट्रक जळाला, जाहिरातदार गेला, पहिला गिअर मोडला. या माणसाने त्या त्या वेळी समोर जे उरलं होतं तेवढ्याचा हिशेब केला आणि गाडी पुढे काढली, एवढं मात्र मला दिसतं. ज्यांचा स्वतःचा थोडासा जमिनीचा तुकडा आहे आणि जे दुसऱ्याच्या शेतावर राबण्यापेक्षा तोच कसतात, त्यांना हा माणूस फारसा परका वाटू नये.