४३९ नंतरची चौदा वर्षे



क्रिकेटचे नाव काढले की मुलांचे चेहरे खुलतात आणि पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आज दोघांनीही थोडा वेळ ऐकावे. मी सरफराज खानबद्दल बोलणार आहे.

२००९ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून सरफराजने एका डावात ४३९ धावा काढल्या. स्पर्धा सोळा वर्षांखालील मुलांची आणि हा मुलगा बारा वर्षांचा! वर्तमानपत्रांत फोटो आले, वाहवा झाली. विद्यार्थी मित्रांनो, गोष्ट इथे संपत असती तर किती बरे झाले असते, नाही का? पण भारताची कसोटी टोपी त्याच्या डोक्यावर आली ती १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, राजकोटला. मधली चौदा वर्षे कशी गेली, तेच मला सांगायचे आहे.

त्याचे वडील नौशाद खान मूळचे उत्तर प्रदेशातील आझमगडचे. ते स्वतः क्रिकेटचे प्रशिक्षक. इक्बाल अब्दुल्ला आणि कामरान खान हे आयपीएलपर्यंत पोचलेले खेळाडू त्यांच्याच हाताखालचे. आझाद मैदानावर ते मुलाला तासन् तास चेंडू टाकीत. पालकांनो, इथे जरा थांबा. नौशाद यांना खेळातले कळत होते. मुलगा कुठे चुकतो, किती पाण्यात आहे, हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसत होते. ज्या घरात हे जाणणारे कोणी नाही, त्या घराने त्यांच्याकडे बोट दाखवून मुलाची शाळा सोडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेतल्या धावा म्हणजे हुंडी नव्हे. कल्याणच्या प्रणव धनावडे याने २०१६ च्या जानेवारीत एका डावात नाबाद १००९ धावा केल्या, त्या विक्रमाने त्याला कसोटी संघात नेले नाही. रिझवी स्प्रिंगफील्डच्याच पृथ्वी शॉने २०१३ मध्ये ५४६ धावा काढल्या आणि २०१८ मध्ये त्याच राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. डिसेंबर २०२० नंतर मात्र २०२५ अखेरपर्यंत त्याला एकही कसोटी मिळाली नाही.

सरफराजचा रस्ताही सरळ नव्हता. सतराव्या वर्षी तो आयपीएलमध्ये खेळला. पुढच्याच वर्षी तंदुरुस्ती कमी म्हणून संघाबाहेर बसला. मुंबई सोडून उत्तर प्रदेशकडे गेला. तिथे जम बसला नाही. २०१९-२० च्या मोसमात मुंबईकडे परतला आणि वानखेडेवर त्याच उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद ३०१ धावा केल्या! त्या मोसमात ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा. तरी भारतीय संघाची यादी निघे आणि त्यात त्याचे नाव नसे. कोणी त्याच्या वजनाकडे बोट दाखवी. शेवटी सुनील गावसकरांनीच निवडकर्त्यांना जाहीरपणे सुनावले की सडपातळ अंगाचीच माणसे हवी असतील तर दुसरीकडे शोधा. अशा वेळी मुलगा एक तर रुसतो किंवा बिघडतो. याने काय केले? पुढच्या सामन्यात पुन्हा शतक काढले. कसोटी पदार्पणापूर्वी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याची सरासरी ६९ च्या वर होती.

राजकोटला अनिल कुंबळे यांनी टोपी दिली, तेव्हा नौशाद यांनी ती हातात घेऊन तिचे चुंबन घेतले आणि त्यांना रडू आवरले नाही. ते तिथे जाणारही नव्हते. सूर्यकुमार यादवने समजावून पाठविले. मुलाच्या पाठीवर आकडा ९७, म्हणजे नौ आणि सात. जोडून म्हणून पाहा, बापाचे नाव ऐकू येईल. पहिल्या डावात ६२ वर धावबाद झाला, चूक जडेजाच्या हाकेची होती आणि जडेजाने ती कबूलही केली. दुसऱ्या डावात नाबाद ६८.

त्याच वर्षी सप्टेंबरात धाकटा भाऊ मुशीर आणि वडील लखनौकडे जाताना त्यांच्या गाडीला अपघात झाला. मुशीरच्या मानेला दुखापत झाली. हा तोच मुशीर, ज्याने मार्चमध्ये एकोणिसाव्या वर्षी रणजी अंतिम सामन्यात १३६ धावा केल्या होत्या. अपघातानंतर काही दिवसांतच सरफराजने लखनौला इराणी चषकात नाबाद २२२ धावा केल्या आणि मुंबईने सत्तावीस वर्षांनी तो चषक जिंकला. पंधरवड्याने बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १५०. नोव्हेंबरात मुंबईच्या कसोटीत शून्य आणि एक.

सहा कसोटींत ३७१ धावा झाल्या होत्या. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कसोटी संघात त्याचे नाव नव्हते. त्या उन्हाळ्यात त्याने सतरा किलो वजन उतरविले. घरात भात आणि रोटी बंद झाली. मुलाबरोबर नौशाद यांनीही आपले ताट आखडते घेतले.