गारगोटीची साक्ष

देहूहून भंडाऱ्याच्या डोंगरास जाणारे वारकरी पायांखालच्या मातीकडे सहसा पाहात नाहींत. त्यांचें चित्त तुकोबांच्या एकांतस्थानाकडे लागलेलें असतें, आणि तें योग्यच आहे. परंतु इंद्रायणीच्या खोऱ्यांतील टेकड्यांच्या उतारांवर, पावसानें माती धुऊन गेली म्हणजे, बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहूनहि लहान अशा गारगोटीच्या चिपा उघड्या पडतात. कांहीं पांढुरक्या, कांहीं करड्या, एकादी तांबूस. त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात व अंगावर बेतानें टवके काढल्याच्या खुणा दिसतात. नदीच्या पाण्यानें घासला गेलेला दगड गुळगुळीत होतो. त्याला अशी धार येत नाहीं. ही मनुष्याच्या हातची करणी आहे.

लांकडाच्या किंवा हाडाच्या खांचेंत अशा चिपा डिंकानें ओळीनें बसविल्या कीं सुरी तयार होते. एकच चीप टोंकाला बसविली कीं बाण होतो. शिकार करून व कंदमुळें गोळा करून राहणाऱ्या लोकांचीं हीं हत्यारें होत. प्रसिद्ध गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायीं तुडवून अशा चिपा जमविल्या, आणि जुन्या वाटांच्या कडेला व देवींच्या जुन्या ठाण्यांजवळ त्या सांपडतात, हें आपल्या १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथांत दाखवून दिलें.

पुढें या खोऱ्यांत नांगर आला. रान तोडलें गेलें, शेतें झालीं, गांवें वसलीं. नांगर घेऊन आलेले आणि आधींपासून राहणारे यांची गांठ पडली तेव्हां काय घडलें? चिपांवर साल लिहिलेलें नसतें, नांव नसतें. म्हणून अशी गांठ जेथें अलीकडे, डोळ्यांदेखत पडली, अशा एका ठिकाणाकडे प्रथम जाणें बरें. तेथें खुणा वाचावयास शिकून मग मावळांत परत येतां येईल.

तें ठिकाण म्हणजे अंदमान. अंदमान म्हटलें कीं मराठी मनाला काळें पाणी आठवतें. १८५७ च्या उठावांतील बंदिवान आठवतात, १९११ सालीं तेथें नेलेले स्वातंत्र्यवीर सावरकर आठवतात. तें स्मरण उचितच आहे. परंतु त्या स्मरणांत एका गोष्टीला जागा उरत नाहीं. बंदिवानांचा तुरुंग होण्यापूर्वीं तीं बेटें दुसऱ्या कोणाचें घर होतीं.

मार्च १८५८ मध्यें डॉक्टर वॉकर हा इंग्रज अधिकारी सुमारें दोनशें बंदिवान घेऊन पोर्ट ब्लेअर येथें उतरला. त्या गांवाला २०२४ पासून श्रीविजयपुरम् असें नांव आहे. जंगलतोड सुरू झाली. इंग्रजांच्या लेखीं ती ओसाड भूमि होती. अंदमानी लोकांच्या लेखीं तें शिकारीचें रान व मासेमारीचा किनारा होता. १७ मे १८५९ रोजीं अंदमानी लोकांनीं ॲबर्डीन येथील वसाहतीवर चाल केली. दूधनाथ तिवारी नांवाचा बंदिवान वर्षभर त्यांच्यांत पळून राहिला होता. त्यानें येऊन आगाऊ सूचना दिल्यामुळें वसाहत सावध होती. बंदुकांपुढें तीरकमठे टिकले नाहींत. १८६३ मध्यें या लोकांना माणसाळविण्यासाठीं 'अंदमान होम' नांवाची संस्था निघाली. तिच्या आश्रयानें अन्नवस्त्र आलें, तसेच रोगहि आले. १८७७ मधील गोंवराच्या सांथीनें तर वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. वसाहतीच्या आरंभीं कांहीं हजार असलेले ग्रेट अंदमानी लोक १९०१ च्या शिरगणतींत ६२५ भरले, आणि १९६१ च्या शिरगणतींत अवघे १९.

ही सर्व हकीगत एका पक्षाच्या दफ्तरांतून कळते. दुसऱ्या पक्षाला लिहितां येत नव्हतें. त्याचें दफ्तर वेगळें आहे, आणि तें म्हणजे शिंपल्यांचे ढीग. पिढ्यान् पिढ्या एकाच जागीं बसून या लोकांनीं शिंपल्यांतील मांस खाल्लें, रानडुकराचीं हाडें टाकलीं, फुटक्या मडक्यांचे तुकडे टाकले. त्यांचे उंचवटे झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधक झरीन कूपर यांनीं अशा ढिगांचें उत्खनन केलें. त्यांपैकीं चौलदारी येथील ढीग सुमारें बावीसशें वर्षांइतका जुना ठरला. म्हणजे कार्ल्याचें लेणें कोरलें जाण्यापूर्वींपासून तेथें चूल पेटत होती. ओसाड भूमि म्हणतात ती ही!

अशा ढिगांच्या वरच्या थरांत लोखंड व कांच येते. लोखंड इंग्रजांच्या आधींहि फुटलेल्या गलबतांतून मिळत असे. तें ठोकून अंदमानी लोक बाणांचीं टोंकें करीत. वसाहत झाल्यावर दारूच्या रिकाम्या बाटल्या मिळूं लागल्या. त्या फोडून, जाड बुडाच्या तुकड्यावर बेतानें घाव घालून, पातळ चिपा काढल्या जात. पूर्वीं हेंच काम गारगोटीवर होत असे. त्या चिपांनीं स्त्रिया केस भादरीत व अंगावर रिवाजाप्रमाणें बारीक छेद घेत. बाटली साहेबाची, परंतु हात अंदमानी आणि विद्याहि अंदमानी. ऑस्ट्रेलियांतहि हाच प्रकार दिसतो. तेथें इंग्रजांची वसाहत १७८८ मध्यें झाली. पुढें तेथील मूळच्या लोकांनीं बाटलीच्या कांचेचीं, आणि तारायंत्राच्या खांबांवरील चिनी मातीच्या चिमण्यांचींहि, सुबक भालाग्रें घडविलीं.

या कांचेपासून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली अशी कीं, नव्या लोकांची वस्तु जुन्या लोकांच्या हातीं गेली म्हणजे जुने लोक नवे झाले असें नव्हे. पुष्कळदां वस्तूच जुनी होऊन जाते. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. कांचेची चीप ही स्नेहाची खूण समजूं नये. ज्या हातांनीं ती कांच घडविली त्यांना गोंवरापासून कोणतेंहि कसब वांचवूं शकलें नाहीं, आणि त्या थरावर पुढचा थर चढविण्यास माणसेंच थोडीं उरलीं.

आतां मावळांत परत यावें. येथेंहि लेख आहेत ते नंतर आलेल्यांचेच. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेखांत 'मामालाहार' असा शब्द आहे. तोच आजचा मावळ. त्या लेखांत भिक्षूंना गांव दिल्याचा उल्लेख आहे. देहूरोडजवळ शेलारवाडीच्या घोरवडेश्वर डोंगरावर एका लेण्याचें दान कोरलेलें आहे. दान देणारी बाई म्हणजे धेनुकाकट येथील उसभणक नांवाच्या नांगरधारी कुणब्याची पत्नी. नांगरावर पोट भरणाऱ्याच्या घरांतून लेणें कोरण्याइतकें द्रव्य निघत होतें. म्हणजे त्या काळीं नांगर येथें चांगला रुजला होता. परंतु नांगराखालीं गेलेलें रान कोणाचें होतें, याविषयीं लेखांत एक अक्षर नाहीं. पोर्ट ब्लेअरच्या दफ्तराप्रमाणें हेंहि दफ्तर एकपक्षीच आहे.

दुसरा पक्ष शोधावयाचा तो चिपांत आणि देवतांच्या ठाण्यांत. गुराख्यांचा देव आणि रानांतल्या लोकांची देवी हीं आरंभीं एकमेकांचीं वैरी होतीं. पुढें दोन्ही समाज एकत्र आले तेव्हां त्यांचीं लग्नें लागलीं, असें कोसंबींचें अनुमान आहे. पुरंदर तालुक्यांतील वीर येथें म्हस्कोबाचें जोगेश्वरीशीं दरवर्षीं माघांत लग्न लागतें. देहूपासून थोड्या अंतरावर वाकड येथें म्हातोबाशेजारींहि जोगेश्वरीच आहे. अनुमान तें अनुमानच. परंतु येथील गांठ अंदमानासारखी एका पिढींत पडली नाहीं, ती शतकानुशतकें पडत राहिली, आणि तींत जुन्यांचें पुष्कळ कांहीं नव्यांच्या देव्हाऱ्यांत येऊन बसलें, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र यावरून सगळें गोडीगुलाबीनें झालें असें मानूं नये. देवीला देव्हारा मिळाला. तिच्या माणसांना जमीन मिळाली कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. मावळांतील कातकऱ्यांना खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून नांव मिळालें. १८७८ च्या जंगलच्या कायद्यानें राखीव रानें झालीं आणि तो धंदा आवळला गेला. ही दुसरी गांठ, आणि तिला साक्षीदार होते. टेकडीवरच्या चिपा कातकऱ्यांच्याच पूर्वजांच्या, असें मात्र कोणीं म्हणूं नये. दगडावर जात कोरलेली नसते. परंतु रान ज्यांचें, त्यांना न विचारतां रानाचा मालक ठरविण्याची रीत दोन्ही वेळीं एकच दिसते.

आज तिसरी गांठ पडत आहे. चाकण व तळेगांव येथें कारखान्यांसाठीं माळ सपाट होत आहेत. कारखाने हवेत, हजारों घरांच्या चुली त्यांवर पेटतात. परंतु बांधीव देवळाला किंवा लेण्याला जसें कायद्याचें संरक्षण मिळतें, तसें माळावर विखुरलेल्या चिपांना सहसा मिळत नाहीं. आणि चिपेचें मोल तिच्या जागेंत असतें. ती उचलून खिशांत घातली कीं साक्षीदार मुका होतो; मग ती केवळ गारगोटी. म्हणून ज्याला चीप दिसेल त्यानें ती तेथेंच राहूं द्यावी. कोणतें शेत, कोणता उतार, जवळ कोणतें ठाणें, पाणी किती अंतरावर, हें कागदावर टिपावें व पुण्यास डेक्कन कॉलेजाला कळवावें. गांवच्या शाळेंतील मुलेंहि हें काम करूं शकतील.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्याच नदीच्या कांठीं असेहि लोक राहून गेले कीं ज्यांच्यापाशीं वहीच नव्हती. त्यांनीं जें कांहीं मागें ठेवलें तें या मातींत आहे. तें वर येतें आहे तोंवर वाचून घेणें, एवढें नंतर आलेल्यांचें कर्तव्य आहे.