काकींचं घड्याळ

 मागच्या वेळी आम्ही कोकमाच्या सोलांबद्दल बोललो होतो. त्यानंतर दोन-तीन गटांतून निरोप आले की बायांनो, हिशेबाचं आणि धंद्याचं पुष्कळ झालं, आता आपल्यासाठी काहीतरी घेतल्याचं सांगा. म्हणून आज घड्याळ घेतल्याची गोष्ट. ज्या काकींनी ते घेतलं त्या आमच्याच गटातल्या. त्यांचं नाव सांगणार नाही, त्यांनी तशी ताकीदच दिली आहे. तुम्ही ओळखलंत तर ओळखलंत.

आमचा गट चौदा जणींचा. गाव खाडीकाठचं, मालवणच्या बाजूचं. भातशेती थोडी, काजू थोडे, आणि मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत आम्ही सहा-सात जणी कालवं काढायला खाडीत उतरतो. कालवं खडकाला चिकटलेली असतात, ती कोयतीने फोडून काढायची. त्यासाठी ओहोटी लागते. ओहोटी कधी, हे आपल्याकडे तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, सव्वाआठच्या सुमाराला, सुकती. दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. हे सगळं आम्हाला सासवांनी शिकवलं. पण भरती सव्वादोनला हे ठाऊक असून काय उपयोग, जर आत्ता किती वाजले हेच ठाऊक नसेल?

दोन वर्षांपूर्वी पौषात, वद्य तृतीयेला नेमकं तेच झालं. सकाळी सातला आम्ही तिघी काकींबरोबर पाट ओलांडून पलीकडच्या खडकावर गेलो. धुकं एवढं की सूर्य दिसेना. मोबाईल कुणी खाडीत नेत नाही. काकींच्या हातात घड्याळ होतं, भाच्याने भेट दिलेलं. डायलवर लिहिलेलं होतं, पाण्यापासून सुरक्षित, ३० मीटर. नऊला उठायचं असं ठरलेलं. मध्ये एकीने विचारलं, किती वाजले? काकींनी बघितलं, म्हणाल्या, "आठ चाळीस. अजून येळ आसा." पुन्हा थोड्या वेळाने विचारलं तर पुन्हा आठ चाळीस. कालवं त्या दिवशी चांगली लागली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. घड्याळ खारं पाणी पिऊन केव्हाच बंद पडलं होतं. आम्ही पाठ सरळ केली तेव्हा दहाचा सुमार असावा. ज्या पाटातून घोट्याएवढ्या पाण्यात आलो होतो तो छातीच्या वर चढला होता आणि ओढ लागली होती. आमच्यातल्या दोघींना पोहता येत नाही. जाळं टाकायला आलेल्या एका दादाने आमची हाक ऐकली आणि होडी घातली, म्हणून आज आम्ही रेडिओवर बोलतो आहोत. टोपल्या गेल्या, कोयत्या गेल्या. काकी घरी जाऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांचं एकच, "माझ्या भरवशावर तुम्ही थांबलात."

आता हे ३० मीटर म्हणजे काय, ते आम्हाला नंतर कळलं. तुम्हालाही कळलं पाहिजे, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी भांडी, धुणं, शेणगोठा सगळं घड्याळ घालून करतात. ३० मीटर लिहिलं म्हणजे तीस मीटर खोल नेता येतं असं नाही. कारखान्यात स्थिर पाण्याइतका दाब देऊन तपासलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात हात धुताना उडालेलं पाणी किंवा पाऊस ते सोसतं. ५० असेल तर थोडंफार पाण्यात चालतं. पोहायचं तर १०० हवं. आणि खाऱ्या पाण्यात रोज काम असेल तर पाणबुड्यांसाठी बनवलेलं घ्यावं. त्यांच्यासाठी जगभर मानलेलं एक प्रमाण आहे, आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ पाण्याच्या दाबाखाली तपासावं लागतं, मिठाच्या पाण्यात चोवीस तास ठेवून बघतात, आणि अंधारात पंचवीस सेंटीमीटरवरून काटे दिसावे लागतात. पुढच्या वर्षी काकींना साठ पुरी होणार होती आणि त्यांनी ठरवलं की साठीला असं घड्याळ घ्यायचं.

त्यांचा मुलगा जहाजावर आहे. त्याने फोनवर सांगितलं, आई, मी तुला स्विस घड्याळ पाठवतो, आमच्या कॅप्टनच्या हातात असतं तसं. काकी म्हणाल्या, "तुझ्या पैशातून तुझ्या बायकोक घे. माझा मी घेतलंय." मग आमच्याजवळ बसून त्यांनी खरं काय ते सांगितलं. "माझ्या घोवाक लग्नात एचएमटी गावला. माझ्या बापाशीन बैल इकान घेतला. माका काय गावला? हंडो-कळशी." त्या काळी एचएमटी म्हणजे केवढं! १९६१ मध्ये बंगळूरला जपानी सिटिझन कंपनीच्या मदतीने सरकारी कारखान्यात ती घड्याळं बनू लागली आणि नवरदेवाच्या मानपानात जाऊन बसली. वेळेवर स्वयंपाक, वेळेवर शाळा, वेळेवर दूध, सगळं बायकांच्या डोक्यात. घड्याळ मात्र नवऱ्याच्या मनगटावर.

माघातल्या बैठकीत काकींनी अर्ज ठेवला. घड्याळासाठी वीस हजार अंतर्गत कर्ज. बैठकीत एकदम शांतता. कारण आदल्याच वर्षी आमच्या एका मैत्रिणीने टीव्हीसाठी दहा हजार मागितले होते आणि आम्ही सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं होतं. आजारपण, शिक्षण, धंदा आणि घरदुरुस्ती, एवढ्यालाच कर्ज, चैनीला नाही, असं आमच्या ठरावाच्या वहीत लिहिलेलं आहे. ती मैत्रीण उठलीच. "माझो टीव्ही चैन आनि हिचा घड्याळ हत्यार?" आम्ही खरं सांगतो, कुणाकडे उत्तर नव्हतं. अध्यक्षबाई काकींच्या जाऊबाई, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं तरी पंचाईत. शेवटी ठरलं की आधी बाजार बघून यायचा, मग बोलायचं.

काकी आणि आम्ही तिघी कुडाळहून रेल्वेने करमळीला उतरलो आणि तिथून पणजी. पहिल्या मोठ्या दुकानात दार उघडायला माणूस होता. आतल्या मुलाने आमच्या साड्या बघितल्या, पिशव्या बघितल्या आणि खड्याखड्यांची चिमुकली सोनेरी घड्याळं मांडली. काकींनी पाणबुड्यांचं मागितलं तर म्हणाला, ते जेन्ट्सचं असतं. काकी म्हणाल्या, "मग मगे तुमच्या जेन्ट्सांक कालवा काढूक सांग." आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानातले मालक वयस्क होते. त्यांनी चहा मागवला, स्टूल दिलं आणि पाणबुड्यांची घड्याळं ओळीने काढली. काकी काय काम करतात हे कळल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. आम्ही घरी आल्यावर ती कॉलेजात जाणाऱ्या भाचीकडून पडताळून घेतली. रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये पाणी न शिरणारं घड्याळ काढलं, त्याचं नाव ऑयस्टर. ऑयस्टर म्हणजे आपलं कालव! दोन शिंपा कशा घट्ट मिटतात, तसं. आणि ते जगाला दाखवलं एका बाईने. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची लंडनमधली टायपिस्ट, ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली. ती खाडी पोहणारी पहिली ब्रिटिश बाई. पण तिच्या पाठोपाठ दुसऱ्या एका बाईने खोटाच दावा केला आणि लोक हिच्यावरही संशय घेऊ लागले. तेव्हा ती दोन आठवड्यांत पुन्हा थंडगार पाण्यात उतरली. या खेपेला गळ्यात ते घड्याळ होतं. दहा तासांहून जास्त पोहली, पोहणं पुरं झालं नाही, थंडीने गारठली म्हणून होडीत ओढून घेतलं. घड्याळ चालूच होतं. कंपनीने त्याची पहिल्या पानावर जाहिरात केली. काकींनी एवढंच विचारलं, "आनि तिका काय गावला?" मालक हसले.

आज त्या जातीचं रोलेक्स घ्यायचं तर कित्येक लाख लागतात. जाता जाता सांगतो, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणा दुकानदाराला घेता येत नाही, आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर दुकानदार एक टक्का आयकरही गोळा करतो. आपल्याला लागू नाही, पण माहीत असावं. तसंच किनाऱ्यावरच्या ठेल्यांवर हजार-दीड हजारात तीच नावं मिळतात, फर्स्ट कॉपी म्हणून. ती घालून खाडीत उतरू नका. नाव खोटं आहे हा भाग वेगळाच, पाणी थांबवणारी रबराची कडी त्यात कशी असेल हे कुणी सांगावं? शिक्क्याचं वॉरंटी कार्ड आणि जीएसटीचं पक्कं बिल मिळत नसेल तर घेऊ नये.

काकींच्या मनात भरलं ते स्विस. निळी डायल, जड, चावी न देता मनगटाच्या हालचालीवर चालणारं. सत्तर हजारांच्या वर. काकींनी ते हातात घातलं आणि कितीतरी वेळ हात फिरवून बघत राहिल्या. आम्ही कुणी बोललो नाही. मुलाला फोन केला असता तर त्याने त्याच क्षणी पैसे पाठवले असते. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. चार दिवस नाही घातलं तर? बंद पडेल. दिवसाला किती मागेपुढे? काही सेकंद. उघडायची वेळ आली तर? काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं, मुंबईला पाठवावं लागेल. किती दिवस? मालकांनी खरं सांगितलं, महिना-दोन महिने. "म्हणजे हंगामात पाठयला तर हंगाम गेलो," असं म्हणून काकींनी ते काढून ठेवलं. काढताना मात्र एकदा अंगठ्याने काच पुसली.

दुसरं होतं जपानी, सिटिझनचंच. २०० मीटर, पाणबुड्यांचं, आणि उजेडावर चालणारं. त्यातला सेल उजेडावर भरतो, त्यामुळे सेल बदलायला मागचं झाकण पुन्हा पुन्हा उघडायचं नाही. अशा उघडझापीनंतर कडी नीट बसली नाही तर घड्याळात पाणी शिरू शकतं. डायल मोठी, काकींना चष्म्याशिवाय दिसणारी. भोवती फिरणारं कडं, ते एकाच दिशेने फिरतं. खडकावर उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की किती मिनिटं झाली ते सरळ वाचता येतं. धक्का लागून कडं फिरलंच तर वेळ जास्त झाल्याचं दिसेल, कमी नाही. पाणबुड्याची हवा संपू नये म्हणून केलेली ही सोय. आम्हाला ती भरतीसाठी लागणार होती. किंमत २६ हजार.

फाल्गुनातल्या बैठकीत पुन्हा तोच विषय. टीव्हीवाली मैत्रीण मोबाईलवर सगळं बघून आली होती. २०० मीटरचं साधं घड्याळ पाच-सहा हजारातही मिळतं, तिने दाखवलं. खरंच मिळतं, ते आम्हीही मान्य केलं. "मग वरचे वीस हजार चैनीचेच ना?" काकी म्हणाल्या, "होय, चैनीचेच." आणि अर्ज मागे घेऊन त्यांनी दुसरा लिहायला सांगितला. कामाच्या घड्याळाचे सहा हजार गटाकडून कर्ज, शेकडा एक रुपया व्याजाने. वरचे वीस हजार त्यांचे स्वतःचे, पोस्टातले, कालवं विकून साठवलेले. "साठ वर्सां झाली, वीस हजाराची चैन करूक माका कोणाक इचारुचा नाय." सहा हजार मंजूर झाले. टीव्हीवालीनेही हात वर केला, पण लगेच म्हणाली की माझा टीव्ही पुन्हा घ्या विषयपत्रिकेवर, मुलीचे शिक्षणाचे कार्यक्रम त्यात लागतात. आम्ही तो विषय दोनदा घेतला आहे आणि अजून निकाल नाही. तुमच्या गटात असं झालं असेल तर तुम्ही काय केलंत, ते आम्हाला कळवा. आम्हाला खरोखर हवं आहे.

चैत्रात काकींच्या साठीला आम्ही ओवाळलं तेव्हा ताम्हनात सुपारी, अंगठी आणि ते घड्याळ. आता त्या ते रोज गोड्या पाण्यात धुतात, मीठ बसू देत नाहीत. बाजूची चावी घट्ट बसली आहे ना, हे पाण्यात जाण्याआधी बघतात, कारण ती बाहेर ओढलेली राहिली तर दोनशे मीटरही उपयोगाचे नाहीत. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा घड्याळ बघून म्हणाला, आई, हे आमच्या बोसनकडे पण आहे. काकींना बोसन कोण ते माहीत नव्हतं. कळल्यावर खूश झाल्या.

या हंगामात पहिल्यांदा उतरलो ती द्वितीया होती, सुकती साडेसातची. सगळ्या खडकाशी पोचल्यावर काकींनी कडं फिरवलं आणि कामाला लागल्या. कालवं बरी होती. टोपल्या अर्ध्या भरल्या असतील नसतील, तोच त्यांनी हाक मारली, "चला गो, उठा." आम्ही म्हटलं, काकी, आणखी पाच मिनिटं. त्यांनी मनगट आमच्यासमोर धरलं. आम्ही उठलो. पाटातलं पाणी तेव्हा घोट्यालाच होतं.