पाणी, सभा आणि इंग्रजीचा तास

इंग्रजीच्या तासाला विद्यार्थ्यांना नाटकाचे व चित्रपटाचे विश्लेषण करावयास शिकवावे असे म्हटले, की आमच्या शहागडासारख्या गावी पहिली हरकत येते ती भाषेची. ज्या मुलाला इंग्रजी वाक्य धड वाचता येत नाही, त्याने त्या वाक्याची चिकित्सा कुठून करावी? हरकत वरवर रास्त आहे. परंतु मुलाचे इंग्रजी कच्चे असले म्हणून त्याची बुद्धी कच्ची नसते, आणि बाजारी गाइडातील तयार ‘मध्यवर्ती कल्पना’ त्याच्याकडून घोकून घेताना आपण त्याच्या भाषेला आणि बुद्धीला एकदमच रजा देऊन टाकतो, हे अध्यापकवर्गाच्या सहसा ध्यानात येत नाही.

2019 साली आलेल्या अकरावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ या 1882 सालच्या नाटकातील वेचा आहे. ज्या स्नानगृहांवर गावाची भरभराट अवलंबून आहे, त्यांचे पाणी चामड्याच्या कारखान्यांच्या घाणीने दूषित झाले आहे, असे डॉक्टर स्टॉकमन यास आढळते; नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊ खर्चाच्या आणि बदनामीच्या धास्तीने ते सत्य दडपू पाहतो; आणि अखेर भरसभेत डॉक्टरच लोकांचा शत्रू ठरतो. याच नाटकावरून सत्यजित राय यांनी 1989 साली ‘गणशत्रु’ हा बंगाली चित्रपट केला, तेव्हा त्यांनी स्नानगृहे काढून टाकली आणि त्यांच्या जागी देवळातले चरणामृत ठेवले.

हा एक बदल माझ्या वर्गाला जेवढे शिकवून गेला, तेवढे माझ्या व्याख्यानांनी कधी शिकवले नसते. गोदावरीच्या काठी वाढलेल्या आणि पुलावरून जाता जाता नदीला हात जोडणाऱ्या मुलांना युरोपातील स्नानगृहांची प्रतिष्ठा समजावून सांगण्यात माझा अर्धा तास खर्ची पडे. तीर्थात रोगजंतू आहेत असे म्हणणाऱ्या डॉक्टरची पंचाईत मात्र त्यांना कुणी सांगावी लागली नाही. एक मुलगी उठून म्हणाली, “सर, तिकडं धंदा बुडतो म्हणून लोक चिडतात, इकडं देवाला नाव ठेवलं म्हणून, पण धंदा तर इकडं पण बुडतोच की!” देवळाच्या उत्पन्नाची गोष्ट पडद्यावर श्रद्धेच्या आड कशी उभी आहे, हे तिने एका वाक्यात दाखविले.

विश्लेषण म्हणजे पंचनामा, एवढेच मी मुलांना प्रथम सांगतो: जे दिसले व ऐकू आले ते आधी लिहा, गुन्हेगार कोण ते मागाहून. म्हणून सभेचा प्रसंग मी आधी आवाज बंद करून दाखवितो. कोण उभा आहे, कोण बसला आहे, डॉक्टरचा चेहरा केव्हा जवळून दिसतो, हे तपशील मोडक्या का होईना, पण स्वतःच्या इंग्रजीत उतरविल्यावरच आवाज सुरू होतो आणि पडद्याखालची इंग्रजी वाक्ये वाचावयास मिळतात. मग ती वाक्ये कुणी वाचा म्हणून सांगावे लागत नाही.

गाइडातला डॉक्टर आदर्श पुरुष असतो. इब्सेनचा तसा नाही. सभेत पाण्याविषयी बोलू देत नाहीत असे पाहून तो बहुमतावरच घसरतो, सामान्य लोकांची तुलना गावठी कुत्र्यांशी करतो, आणि मग त्याची बाजू घेणाऱ्या वाचकाचीही कुचंबणा होते. राय यांच्या डॉक्टर गुप्तांच्या तोंडी ही मगरुरी नाही. त्यांना भर सभेत विचारले जाते, ते स्वतःला हिंदू समजतात की नाही. शेवटही निराळा: इब्सेनचा डॉक्टर एकटेपणालाच सामर्थ्य मानतो, तर राय यांच्या डॉक्टरला बाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात. राय यांनी आपल्या डॉक्टरचे दोष धुऊन काढले याने चित्रपट काहीसा सोपा झाला, असे माझे मत आहे. वर्गातील बहुतेकांना ते मान्य नाही, आणि त्यांची बाजू मांडताना त्यांना चित्रपटातलेच दाखले शोधावे लागतात.

ग्रामसभा पाहिलेल्या मुलांना इब्सेनच्या सभेतली खरी कारागिरी लवकर उमगते. तेथे आरडाओरडा करण्यापूर्वी अध्यक्ष निवडला जातो, आणि नेमस्तपणाची महती गाणारा छापखानेवाला आस्लाक्सन त्या खुर्चीवर बसतो. पुढे जे घडते ते सारे कायदेशीर असते. डॉक्टर लोकशत्रू असल्याचा ठराव एका दारुड्याचे मत वगळता एकमताने मंजूर झाल्याचे तो जाहीर करतो.

या सभेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहा, असे काम मी देतो. व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणी प्रयोग हा केवळ वाक्ये उलटीसुलटी करण्याचा उद्योग असतो. येथे ‘इट वॉज रिझॉल्व्ड’ असे लिहिले, की ठराव कुणी मांडला, कुणी रेटला, सारे गुलदस्त्यात राहते. काही मुले तसेच लिहितात. काही मात्र हट्टाने प्रत्येक वाक्यात कर्त्याचे नाव घालतात, आणि मग त्यांचे इतिवृत्त दीड पानाचे सहज चार पानांचे होते.