पटकथेची तालीम



पटकथा शिकवता येते का, हा प्रश्न आपल्याकडे चर्चासत्रागणिक निघतो आणि दर वेळी दोन ठरलेल्या उत्तरांशी येऊन थांबतो. एक पक्ष म्हणतो, प्रतिभा उपजतच असावी लागते. दुसरा सिड फील्डचं १९७९ सालचं पुस्तक पुढे करतो आणि पहिलं वळण कितव्या पानावर यावं ते सांगतो. मला दोन्ही पक्ष आळशी वाटतात. पहिल्याला कष्ट नकोत, दुसऱ्याला विचार नको. मूळ साहित्यकृती आणि तिच्यावरचा चित्रपट शेजारी ठेवावा, काय गाळलं, काय वाढवलं याचा दृश्यागणिक हिशेब मांडावा आणि मग एखादी कथा घेऊन तोच खटाटोप स्वतः करावा. याहून भरवशाची तालीम मला तरी माहीत नाही.

विजय तेंडुलकरांचंच काम घेऊ. १९७९च्या ‘सिंहासन’साठी त्यांच्यापुढे अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या होत्या. १९८३च्या ‘अर्धसत्य’साठी होती श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही एकच कथा. एकीकडे दोन कादंबऱ्यांचा ऐवज एका चित्रपटात बसवायचा, दुसरीकडे एका कथेतून पूर्ण लांबीचा चित्रपट उभा करायचा. ‘सिंहासन’मध्ये मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी अशी गर्दी आहे. तरी ती पांगत नाही, कारण दिगू टिपणीस हा पत्रकार त्या सगळ्यांत वावरतो. तो फारसं काही घडवत नाही, बघत राहतो. शेवटी त्या बघणाऱ्याचंच डोकं फिरतं, तेव्हा राजकारणावर शेरा मारायला वेगळं वाक्य लागत नाही.

‘अर्धसत्य’मध्ये गुंड रामा शेट्टीबरोबरचे दोन प्रसंग एकापाठोपाठ एक काढून पाहा. आधी वेलणकर हा पोलीस अधिकारी त्याला अटक करायला थेट त्याच्या अड्ड्यात शिरतो. शेट्टी चिडत नाही, फोन लावतो. पलीकडून वरिष्ठांचा हुकूम येतो आणि वेलणकरला हात हलवत परतावं लागतं. पुढे कोठडीत त्याच्या मारानं एक किरकोळ चोर मरतो, आणि हाच वेलणकर त्याच शेट्टीकडे मदत मागायला जातो. माणसं तीच, फक्त गरज आता दुसऱ्या बाजूला गेलेली. शेवटी वेलणकरच्या हातून होणाऱ्या शेट्टीच्या खुनापर्यंत चित्रपट कसा पोचला, हे या दोन प्रसंगांमधल्या अंतरात कळतं. वन-लाइनवर, म्हणजे दृश्यांच्या एकेका ओळीच्या यादीत, ही दोन दृश्यं दोन ओळींत मावतील; पण त्यांच्या मध्ये काय ठेवायचं, हे ठरवणं म्हणजेच पटकथा. ते सूत्रात सापडत नाही, दहा वेळा क्रम बदलून पाहिल्यावर हाताला लागतं.

यावर आक्षेप येईल की ‘फँड्री’ किंवा ‘कोर्ट’ यांच्यामागे कुठली कादंबरी होती? नव्हती. पण स्वतंत्र पटकथेलाही कच्चा माल असतोच: पाहिलेलं गाव, ऐकलेली सुनावणी. त्यातलं काय टाकलं, हे मात्र लेखकाशिवाय कुणाला दिसत नाही. रूपांतरात दोन्ही टोकं डोळ्यांसमोर असतात, म्हणून शिकाऊ माणसानं तिथून सुरुवात करावी. कायम तिथेच राहा असं कुणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप नक्कलेचा. दुसऱ्याचा निर्णय उलगडून पाहिल्यानं स्वतःचा निर्णय घेण्याची ताकद कमी होते, हे मला पटत नाही. गाण्यात वर्षानुवर्षं गुरूचं ऐकून घोटणाऱ्याला आपण नकलाकार म्हणत नाही; पटकथाकारालाच ही भीती का घालायची? आपल्यातले बरेच जण रंगभूमीवरून येतात आणि संवादावर जास्त विसंबतात. त्यांना तर ‘कुंकू’ पाहायलाच लावावा. १९३७चा हा चित्रपट नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, आणि पार्श्वसंगीताचा आधार न घेता नैसर्गिक आवाजांवर उभा राहिलेला.

अडचण वेगळीच आहे. नाटकांच्या संहिता दुकानात मिळतात, मराठी पटकथा शोधत फिरावं लागतं. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. एवढं असून नव्या लेखकाला चित्रपट थांबवत थांबवत स्वतःच पटकथा उतरवून घ्यावी लागते. त्या उतरवण्यातही तो शिकतो, हे खरं. तरीही या संमेलनानं ठराव करायचाच असेल, तर प्रकाशकांकडे आणि निर्मात्यांकडे एवढंच मागावं: चित्रीकरणाआधीचा मसुदा आणि पडद्यावर आलेली पटकथा, दोन्ही एकाच पुस्तकात, बदल दाखवून छापा.